इंग्रजी शिकवणाऱ्या खेड्यातल्या मास्तरांसाठी एक जागा करा

शालेय शिक्षणाची धोरणं ठरवणाऱ्या, पुस्तकं लिहिणाऱ्या आणि आमच्या ट्रेनिंगचे मोड्यूल बनवणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना मेळघाटातून नमस्कार.

मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग आणि सगळे विषय माझ्याकडेच, इंग्रजी धरून. हे पत्र पगारासाठी नाही, बदलीसाठी नाही, अशैक्षणिक कामांवरही नाही, ते विषय आमच्या संघटना मांडतात आणि चांगले मांडतात. मला एकच मागायचं आहे. खेड्यात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकासाठी एक जागा करा जिथं दोन गोष्टी हमखास मिळतील. एक, धोरणात काय बदललं त्याची खरी बातमी, सोप्या मराठीत, तारखेसकट. दुसरी, उद्या सकाळी वर्गात वापरता येईल असं साहित्य, जे रेंज नसली तरी चालते आणि जे हे धरून बनवलेलं आहे की समोरच्या लेकराची घरची भाषा मराठी नाही.

आधी बातमीचं सांगते, कारण त्याच्यात आमचा जीव लय जातो.

२०२५ चा जून आठवा. १६ एप्रिलला जीआर निघाला होता की पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. मग आठवडाभरातच तोंडी घोषणा झाली की अनिवार्य नाही. मग १७ जूनला नवा जीआर, त्यात शब्द आला की हिंदी सर्वसाधारणपणे तिसरी भाषा राहील, दुसरी भारतीय भाषा पाहिजे असेल तर वर्गात निदान २० मुलं पाहिजेत, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवू. बाकी महाराष्ट्रात शाळा १६ जूनला उघडल्या होत्या, आपल्या विदर्भात ऊन असते म्हणून २३ जूनला उघडल्या. आणि २९ जूनला, रविवारी, दोन्ही जीआर रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती बसली. म्हणजे विदर्भातल्या शिक्षकानं शाळेचं दार उघडलं, पहिलीच्या पोरांची नावं घेतली, पालकांच्या सभेत तिसऱ्या भाषेचं काय ते समजावून सांगितलं आणि पहिला आठवडा संपता संपता ते सगळं परत फिरलं. धोरण चूक की बरोबर त्यावर राज्यात पुष्कळ लोक बोलले, मी इथं त्यात शिरत नाही. मला सांगायचं आहे ते हे की त्या अडीच महिन्यांत आम्हाला कोणता कागद आज लागू आहे हे सांगणारी एकही सोपी जागा नव्हती. ग्रुपवर एप्रिलचा जीआर जूनमध्ये फिरत होता, जूनचा जुलैमध्ये फिरत होता, कोणी टीव्हीचा स्क्रीनशॉट टाकत होतं, कोणी वर लाल अक्षरात अत्यंत महत्त्वाचे लिहून जुनंच काहीतरी टाकत होतं, आणि गावात पालक विचारतात की मॅडम आता हिंदी आहे का नाही आहे, तर काय सांगावं?

आणि हे फक्त हिंदीचं झालं असं समजू नका. मेळघाटात या प्रश्नाचा इंग्रजीशी थेट संबंध आहे. आमचं लेकरू घरी कोरकू बोलते, ती इथल्या आदिवासींची भाषा. धारणीच्या बाजारात हिंदी ऐकते, कारण मध्य प्रदेश लागूनच आहे आणि बाजार हिंदीतच चालतो. शाळेत आलं की मराठी, आणि त्याच वर्षी त्याच महिन्यात इंग्रजी. सहा वर्षाच्या पोरापुढं आधीच चार भाषा आहेत. पुण्यात बसून भाषा मोजल्या तर तिसरी भाषा वेगळी निघते, इथं मोजली तर वेगळी निघते. तिसऱ्या भाषेचा कागद आला की आम्हाला आधी हे पाहावं लागते की इंग्रजीच्या तासिका किती राहतात, कोणती पुस्तकं येतात, आणि लेकराच्या डोक्यावर ओझं किती चढते.

मग १ सप्टेंबर २०२५ ला टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. त्यात महाराष्ट्रातलंही प्रकरण होतं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिले त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, ज्यांचे पाच वर्षांपेक्षा कमी राहिले त्यांना नोकरीत राहायला परीक्षा नाही पण प्रमोशन पाहिजे असेल तर पास व्हावंच लागेल, आणि अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या बेंचकडे पाठवला. चार ओळीत सांगता येते हे. पण आमच्याकडे ते पोचलं कसं, तर सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार असं. वीस-वीस वर्षं जंगलातल्या गावात काढलेल्या बाया रात्री फोन करून रडत होत्या. निकाल कडक आहेच, त्याची धास्ती खरी आहे, पण अर्धी धास्ती चुकीच्या फॉरवर्डनं आणली होती, आणि त्या दिवसांत वर्गात इंग्रजीच काय कोणताच विषय नीट झाला नाही, हे लिहून ठेवा.

म्हणून बातमीच्या पानाबद्दल माझी मागणी बारीक आहे आणि खर्चाची नाही. प्रत्येक जीआरच्या शेवटी संकेतांक असतोच, सरकारच्या साइटवर तो टाकला की कागद खरा का खोटा ते कळते. पण पंधरा पानांचा कागद, त्यात वाचा क्रमांक १ ते ११, मग प्रस्तावना, मग शासन निर्णय, हे सगळं दोन वर्ग सांभाळून कोण वाचणार आणि कधी वाचणार? त्या प्रत्येक कागदावर मराठीत एक अर्ध्या पानाची टीप द्या. काय बदललं. कोणाला लागू. कधीपासून. याच्यानं आधीचा कोणता कागद रद्द झाला. शिक्षकानं उद्या काय करायचं, आणि काहीच करायचं नसेल तर तसंही स्पष्ट लिहा की सध्या काही करायचं नाही. जुना कागद रद्द झाला की त्याच्यावर मोठ्या अक्षरात रद्द असं लिहून तो तिथंच ठेवा, काढून टाकू नका, म्हणजे कोणी फिरवला तरी दाखवता येईल की हा मेलेला कागद आहे. आणि ही टीप साध्या मजकुरात असू द्या, स्कॅन केलेला फोटो नको, कारण टूजीवर मजकूर उतरतो, फोटो गोल गोल फिरत राहते.

आता इंग्रजीचं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते तेव्हा. त्याच्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि आज शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी शिक्षक त्याच पाचवीवाल्या पिढीतले आहेत. मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. आमच्या गावातल्या मायबापाला इंग्रजी पाहिजे, मनापासून पाहिजे. आदिवासी विकास विभागाची नामांकित इंग्रजी निवासी शाळांची योजना आहे, तिच्यात नंबर लागावा म्हणून बाप लेकराला पहिलीतच घरापासून दूर पाठवायला तयार होते, आणि लेकरू गेलं की आई महिनाभर नीट जेवत नाही. त्या बापाला जर खात्री झाली की गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही इंग्रजी बरं येते, तर तो लेकरू घरी ठेवेल, आणि आमचा पटही टिकेल. इतकं याच्यावर अवलंबून आहे.

पण येते का? असरचा सर्व्हे पाहा, प्रथम संस्था ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन-गणित तपासते तो. २०१६ मध्ये पाचवीतली २४.७ टक्के मुलं सोपी इंग्रजी वाक्यं वाचू शकत होती. २०२२ मध्ये २४.५ टक्के. सहा वर्षं गेली, मधात कोरोना गेला, ढीगभर ॲप आले, आणि आकडा जिथं होता तिथंच. आठवीत ४५.३ वरून ४६.७. मग २०२३ मध्ये त्यांनी २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं घेतली, त्यात ५७.३ टक्के मुलं इंग्रजी वाक्य वाचू शकली, आणि वाचणाऱ्यांतली साधारण पाऊण मुलंच त्याचा अर्थ सांगू शकली. हे देशभरातले आकडे आहेत आणि यात घरी मराठी, घरी हिंदी, घरी कोरकू सगळे एकत्र मोजले आहेत. कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या मुलांचं वेगळं चित्र काढून कोणी आमच्यापुढं ठेवत नाही, तर मग त्यांच्यासाठी वेगळी तयारी कशी होणार.

आणि गंमत नाही, ही माहिती तुमच्याकडे आहे. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी साइटवर, प्रत्येक विद्यार्थ्याची मातृभाषा भरायचा रकाना आहे. आम्ही दरवर्षी भरतो, साइट चालत नसली तर रात्री उठून भरतो. त्या रकान्यातून एका दुपारी कळेल की कोणत्या शाळेत कोणत्या भाषेची मुलं आहेत. मग त्या शाळेला त्या भाषेचा विचार केलेलं साहित्य जाऊ द्या. आज तो रकाना भरून वर जातो आणि वरून सगळ्या शाळांना एकच मोड्यूल येते, धारणीला तेच आणि ठाण्याला तेच.

मी इंग्रजी कसं शिकवावं ते शोधत शोधत अमेरिकेतल्या शिक्षकांच्या एका साइटवर पोचले, कोलोरीन कोलोराडो नावाची. वॉशिंग्टनचं एक सार्वजनिक प्रसारण केंद्र ती चालवते, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, आणि ती आहेच मुळी अशा मुलांच्या शिक्षकांसाठी आणि मायबापांसाठी ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत. तिथं अशा मुलांना इंग्लिश लर्नर म्हणतात, सरकारी शाळांत ५० लाखांच्या वर आहेत, दहात जवळपास एक. मला त्या साइटचं सगळ्यात काय आवडलं तर शिक्षकाला एकाच ठिकाणी वर्गातल्या युक्त्या मिळतात, कायदा काय म्हणतो ते मिळते, नवीन काय चाललं त्याच्या बातम्या मिळतात, आणि पालकाला त्याच्याच भाषेत सांगायच्या गोष्टी मिळतात. असं आपल्याकडे एका ठिकाणी कुठंच नाही.

तिथंच मला १९७४ चा लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला कळला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुमारे १८०० चिनी मुलं होती, इंग्रजी येत नव्हतं, शाळा म्हणायची की आम्ही सगळ्यांना तेच पुस्तक, तोच शिक्षक, तोच अभ्यासक्रम देतो, मग भेदभाव कुठं आहे. त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्या मुलाला भाषाच समजत नाही त्याला बाकीच्यांसारखंच पुस्तक आणि तोच शिक्षक दिल्यानं त्याला समान वागणूक मिळत नाही, त्याचं शिक्षण तर बंदच झालं. हे वाचून मी थांबले आणि माझ्या पहिलीतल्या पोरांकडे पाहिलं. आपल्या कायद्यातही याचं बीज आहे बरं का, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये लिहिलं आहे की शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी, आणि २०२० चं राष्ट्रीय धोरण म्हणते निदान पाचवीपर्यंत, जमलं तर आठवीपर्यंत घरची भाषा. पण मेळघाटात मातृभाषा म्हणून मराठीच धरली जाते आणि तिथंच विषय संपतो.

तिकडचं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. एक तर तिकडं लेकरू शाळेबाहेर निघालं की दुकानात, बसमध्ये, टीव्हीवर इंग्रजीच आहे. आमच्याकडे शाळेबाहेर इंग्रजी कुठं आहे, तर बिस्किटाच्या पुड्यावर आणि मोटरसायकलच्या टाकीवर. त्यामुळे त्यांचे धडे जसेच्या तसे चालत नाहीत. दुसरं, तिकडंही आता दिवस पालटले, ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं या मुलांच्या हक्कांबद्दल २०१५ साली राज्यांना दिलेल्या सूचनाच मागं घेतल्या, आणि त्याआधी मार्चमध्ये हे काम पाहणारं ऑफिस जवळजवळ रिकामं केलं. तरी शिक्षकांना ही बातमी लगेच कळली, सोप्या शब्दांत कळली, आणि कायदा अजून तोच आहे हेपण कळलं. मला हेवा वाटला तो याचा.

आणखी एक नाव मला तिथूनच मिळालं, जिम कमिन्स, कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक. त्यांनी १९७९ मध्ये बोलायची भाषा आणि अभ्यासाची भाषा यातला फरक मांडला, आणि पुढं दाखवलं की मूल नवीन भाषेत बोलाचाली साधारण दोन वर्षांत शिकते, पण त्या भाषेत अभ्यास करायला, धडा वाचून समजायला, लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि घरची भाषा पक्की असली तर दुसरी भाषा तिच्या आधारानं उभी राहते. आता हे आमच्या वर्गात लावा. माझ्या मुलाला मराठीतूनच अभ्यास कळायला पाच-सात वर्षं लागणार, म्हणजे तो पाचवी ते सातवीत जाणार, आणि इंग्रजीचं पुस्तक पहिल्या दिवसापासून असं समजून चालते की मराठी अर्थ सांगितला की झालं. माझ्या पोराला मराठी अर्थाचापण अर्थ सांगावा लागते. हे एकदा वरच्या लोकांनी डोक्यात घेतलं की बाकीचं आपोआप बदलेल.

मी वर्गात काय करते ते थोडं सांगते, कारण साहित्य कसं पाहिजे ते त्यातूनच कळेल. पहिले दोन-तीन महिने मी पुस्तक जवळपास उघडतच नाही. उठा, बसा, दार उघड, दगड आण, झाडाला हात लाव, हे सगळं इंग्रजीत बोलायचं आणि करून दाखवायचं, पोरं ऐकून करतात, बोलायची सक्ती नाही. ज्याला मराठी येत नाही तोही याच्यात मागं पडत नाही, उलट पुढं असतो. मग चित्र दाखवून गोष्ट, आधी पोरं कोरकूत सांगतात, मोठ्या वर्गातली पोरगी मला मराठीत सांगते, मग त्यातले पाच-सहा शब्द आम्ही इंग्रजीत घेतो. अक्षरांची नावं मी उशिरा घेते, आवाज आधी घेते, कारण ए बी सी डी धाडधाड म्हणणारं पोरगं तीन अक्षरांचा शब्द वाचू शकत नाही हे सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. चौथीपर्यंत माझी बरीच पोरं छोटी वाक्यं समजून वाचतात. सगळी नाही वाचत. जी वाचत नाहीत ती बहुतेक तीच आहेत जी दिवाळीनंतर मायबापासोबत कामाला बाहेरगावी जातात आणि होळीला परत येतात, फगव्याच्या वेळी वर्ग भरलेला दिसते, मग मोहफुलं वेचायचे दिवस लागतात की पुन्हा सकाळी अर्धी पोरं जंगलात. त्या पोरांसाठी कोणत्याच ॲपमध्ये काही नाही. सगळे धडे आठवड्याप्रमाणं लावलेले असतात, जानेवारीचा तिसरा आठवडा, अमुक धडा. जे पोरगं जानेवारीत गावातच नव्हतं त्याला मार्चमध्ये कुठून धरायचं ते सांगणारं साहित्य द्या.

आहे ते साहित्य वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, उलट काही फार चांगलं आहे. दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून व्हिडिओ निघतात, डाउनलोडपण होतात. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि इंग्रजीतही, छापून घेता येते, कायद्याची अडचण नाही, आणि मी ज्या दिवशी अमरावतीला जाते त्या दिवशी तिथून गोष्टी उतरवून आणते. आकाशवाणीवर वुई लर्न इंग्लिश लागायचं, ते तर आमच्यासारख्यांसाठी सोनं होतं, कारण रेडिओला रिचार्ज लागत नाही आणि शिक्षकाचा उच्चारही त्याच्यासोबत सुधरते. पण हे सगळं वीस ठिकाणी पसरलं आहे. कोणता व्हिडिओ कोणत्या इयत्तेला, कोणत्या मुलाला, किती एमबीचा, हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायला रेंज पाहिजे, आणि रेंजसाठी कितीतरी शाळांतले शिक्षक शाळा सुटल्यावर टेकडीवर जाऊन उभे राहतात. पाऊस सुरू झाला की लाइटही जाते आणि टॉवरही जाते. अशा जागी ऑनलाइन साहित्य म्हणजे काय ते एकदा इथं येऊन पाहा.

म्हणून साहित्याच्या पानावर प्रत्येक वस्तूसमोर लिहा की ती किती एमबीची आहे. व्हिडिओसोबत त्याचा नुसता आवाजही वेगळा द्या, पाच एमबीच्या आत बसेल असा. एका पानावर छापता येईल असं द्या, काळ्या-पांढऱ्यात, कारण तालुक्यात रंगीत प्रिंट परवडत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एक कॉम्प्युटर असा ठेवा की त्यात सगळं साहित्य उतरवलेलं आहे, शिक्षक सभेला आला की पेनड्राइव्ह लावून घेऊन जाईल, महिन्यातून एकदा नवीन भरत जा. आणि दोन वर्ग एका शिक्षकाकडे असतात हे धरून बनवा. आरटीईच्याच नियमानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पहिली ते चौथीच्या खेड्यातल्या शाळेत बहुवर्ग हाच नियम आहे, अपवाद नाही, पण नमुना पाठाच्या व्हिडिओत नेहमी एकच वर्ग, स्वच्छ गणवेश, भिंतीवर मोठा टीव्ही, आणि मुलं पहिल्याच प्रश्नाला हात वर करतात. मला असा व्हिडिओ दाखवा ज्यात एकीकडे दुसरीची मुलं पाटीवर काही करताहेत आणि दुसरीकडे शिक्षिका पहिलीला इंग्रजी गाणं घेते आहे, मधातच एक पोरगं रडते आहे, आणि तिला तरी ते जमते आहे. त्याच्यापासून मी शिकेन.

चाचण्यांचंही याच्यातच येते. नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांत इंग्रजीचा पेपर असते. पेपर होतो, गुण ऑनलाइन भरतो, मग राज्याचे तक्ते होतात. त्या गुणांवरून माझ्या शाळेला परत काय आलं पाहिजे? हे आलं पाहिजे की तुमची मुलं ऐकून समजतात पण वाचण्यात अडतात, तर हे चार उपक्रम घ्या. गुण वर जातात, सल्ला खाली येत नाही. पानावर चाचणीच्या प्रत्येक कौशल्याला दोन-दोन उपक्रम जोडले तरी पेपर घेण्याला अर्थ येईल.

शिक्षकांच्या शिकण्याबद्दल एक. राष्ट्रीय धोरणात लिहिलं आहे की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला निदान ५० तासांचं प्रशिक्षण पाहिजे. चांगलं आहे, पण ते तास नुसते व्हिडिओ पुढं सरकवून सर्टिफिकेट काढण्यात जाऊ नयेत. आपल्याच राज्यात तेजस नावाच्या प्रकल्पात इंग्रजी शिक्षकांचे छोटे गट होते, टॅग म्हणायचे, शिक्षक एकमेकांना भेटायचे, एखादा उपक्रम करून पाहायचे, काय जमलं काय नाही ते बोलायचे. अशा भेटीत शिक्षकाची इंग्रजी बोलायची भीती जाते, कारण समोर साहेब नसते, आपल्यासारखीच ताई किंवा भाऊ असते. केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत इंग्रजीसाठी असा एक तास पक्का करा आणि तो ५० तासांत मोजा. मोजला गेला तर लोक येतील, नाही मोजला तर ज्यांना आवड आहे तेच येतील आणि तेही थकतील.

कोण बनवेल हे सगळं, असा प्रश्न येईल. आम्ही बनवू. मेळघाटात, झरी-जामणीत, भामरागडात, एटापल्लीत असे शिक्षक आहेत ज्यांनी पोरांची भाषा शिकून घेतली, स्वतःच्या वहीत शब्दांच्या याद्या केल्या, मोबाईलवर गावातल्या आजीच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या. कोलाम आणि माडिया समाज तर सरकारच्याच यादीत विशेष असुरक्षित गटात आहेत, त्यांच्या मुलांच्या इंग्रजीचा विचार करताना त्यांच्याच गावातला शिकलेला मुलगा-मुलगी सोबत घ्या, मानधन द्या, नाव छापा. तुम्ही फक्त एक माणूस असा ठेवा ज्याचं कामच हे पान चालवणं आहे, ज्याचा फोन लागतो, आणि जो चूक दाखवली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. समितीवर समिती नको. एक माणूस, एक पान, आणि महिन्याला एक दिवस ठरलेला की त्या दिवशी नवीन माहिती येणारच.

सगळ्या राज्यात एकदम करा असंही म्हणत नाही. एका तालुक्यात सुरू करा, धारणी घ्या, चिखलदरा घ्या, नाहीतर गडचिरोलीतला कोणताही घ्या. आमच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मे महिन्यात शिक्षक मोकळे असतात, रेंजच्या गावी असतात, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात पान तयार असलं तर उतरवून घ्यायला वेळ मिळते. पहिल्या महिन्यात फक्त तीन गोष्टी टाका, भाषाविषयक सध्या लागू असलेल्या जीआरची यादी टिपेसकट, पहिली-दुसरीसाठी ऐकण्याच्या उपक्रमांचा आवाज, आणि कोरकूतून इंग्रजीकडं जाणाऱ्या दहा चित्रगोष्टी. गोष्टींचं काम द्यायचं असेल तर सांगा, आमच्या केंद्रातले चार-पाच जण तयार आहेत, मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

आपली,
मेळघाटातली एक जिल्हा परिषद शिक्षिका